झेनचे वर्तुळ आणि चांद्याचा मुलूख

इ. स. ६३९ च्या सुमारास कलिंग देश मागे टाकून, वायव्येच्या रोखाने डोंगर आणि रानवाटा तुडवीत अठराशे ली (ली हे अंतराचे चिनी माप) चालून ह्युएन त्संग हा चिनी भिक्षू ज्या कोसल देशात पोहोचला, त्या देशाचे त्याने लिहून ठेवलेले वर्णन पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत वावरलेल्या माणसाला मुळीच परके वाटत नाही. सभोवार पर्वतांचे कडे, एकामागून एक लागणारी अरण्ये आणि पाणथळ जागा, मधल्या पट्ट्यांत सुपीक जमीन, चाळीस ली घेराची राजधानी, क्षत्रिय कुळातला आणि बुद्धवचनावर श्रद्धा ठेवणारा राजा, शंभर संघाराम, त्यांत दहा हजारांहून काहीसे कमी भिक्षू आणि ते सर्वच्या सर्व महायानी, एवढा तपशील त्याने नोंदविला आहे. हा कोसल अयोध्येचा नव्हे, दक्षिणेचा. आणि त्याची राजधानी कोठे होती याचा शोध घेताना एकोणिसाव्या शतकातल्या पंडितांनी ज्या तीन गावांवर बोट ठेवले ती तिन्ही गावे, चांदा (आजचे चंद्रपूर), भांदक आणि वैरागड, जुन्या चांदा जिल्ह्यातली आहेत. २६ ऑगस्ट १९८२ रोजी या जिल्ह्याची विभागणी झाली आणि वैरागड गडचिरोलीकडे गेले, बाकीची दोन चंद्रपूरकडे राहिली.

या शोधाला आज महत्त्व का द्यावयाचे, तर शाईच्या एकाच फटकाऱ्याने काढलेले जे झेन पंथाचे वर्तुळ, जपानी भाषेत एन्सो, आज जगभर चित्रांतून, बोधचिन्हांतून आणि ध्यानवर्गांच्या भिंतींवरून दिसते, त्याच्या मुळाशी असलेली कथा नागार्जुन आणि त्याचा शिष्य आर्यदेव या दोघांची आहे. आणि या दोघांची पहिली भेट ह्युएन त्संगाने याच कोसल देशात घडवली आहे.

ती भेट अशी. राजधानीच्या दक्षिणेला, फार दूर नव्हे, अशोकाने उभारलेल्या स्तूपाच्या कडेला एक पुरातन संघाराम होता, तेथे नागार्जुन राहत असे. सातवाहन राजाची त्याच्यावर एवढी भक्ती, की त्याच्या दाराशी राजाचा पहारा असे. सिंहल द्वीपाहून देव नावाचा एक विद्वान, ज्याला आपण आर्यदेव म्हणतो आणि झेन परंपरा काणदेव म्हणते, वाद करण्याच्या इच्छेने तेथवर आला आणि त्याने द्वारपालाकरवी वर्दी दिली. नागार्जुनाच्या कानावर त्याची कीर्ती आधीच आलेली होती. त्याने ना स्वागताचा शब्द पाठविला, ना प्रश्न. एक भिक्षापात्र पाण्याने काठोकाठ भरले आणि शिष्याच्या हाती देऊन म्हणाला, हे त्याला दाखव. देवाने पात्र पाहिले, तोही काही बोलला नाही, आणि जवळची एक सुई त्या पाण्यात सोडून पात्र परत पाठविले. सुई तळाशी गेलेली पाहताच नागार्जुनाला हर्ष झाला. पाणी ज्या भांड्यात असेल त्याचा आकार घेते, निर्मळ असते, भरून उरते, ते माझे ज्ञान. आणि या माणसाने त्याचा तळ गाठला, असा त्याने शिष्यांना खुलासा केला आणि पाहुण्याला आत घेतले. पात्राचा गोल काठ, आतले स्तब्ध पाणी आणि दोन माणसांमधले संपूर्ण मौन, एवढ्यावर हा प्रसंग उभा आहे. नंतरच्या हजार वर्षांत झेन गुरूंनी जे शब्दावाचून सांगण्याचे व्रत घेतले, त्याचा इतका बोलका पूर्वदाखला मला दुसरा आढळलेला नाही.

दुसरी कथा चीनमध्ये १००४ साली सिद्ध झालेल्या झेन गुरुपरंपरेच्या बृहद्ग्रंथात आहे. या परंपरेत नागार्जुन हा चौदावा आणि काणदेव हा पंधरावा आचार्य. नागार्जुन दक्षिण देशात आला तेव्हा तेथील लोक पुण्य आणि त्याचे फळ यांपलीकडे काही मानीत नसत, आणि बुद्धस्वभाव म्हणजे काय, तो कोणी पाहिला आहे, असे ते विचारू लागले. बुद्धस्वभाव पाहावयाचा असेल तर आधी अहंकार टाका, असे उत्तर देऊन तो बसल्या आसनावरच पूर्ण चंद्रबिंबासारखा झाला. सभेला त्याचा शब्द ऐकू येत होता, रूप दिसत नव्हते. सगळे गोंधळले असता एकट्या काणदेवाने त्यांना समजावले, की आचार्य आपल्या देहातून बुद्धस्वभावच दाखवीत आहेत; निराकार समाधी चंद्रासारखी असते. मग बिंब मावळले आणि नागार्जुन होता तसा आसनावर बसलेला दिसला. झेनच्या वर्तुळाला ग्रंथाधार म्हणून जी कथा पुढे केली जाते ती ही. तिला इतिहास म्हणणे कठीण, ती श्रद्धेने घडविलेली कथा आहे; परंतु चीनने आणि जपानने आपल्या सर्वांत प्रिय आकृतीचे उगमस्थान दक्षिण भारतातल्या एका सभेत पाहिले, हे मात्र निखालस ऐतिहासिक सत्य आहे.

आता राजधानीचा प्रश्न. नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५४ साली खालसा झाले आणि चांदा इंग्रजी अंमलाखाली आले. मेजर लुसी स्मिथ याने १८६९ साली जमीनमहसुलाच्या बंदोबस्ताचा जो अहवाल सरकारात दाखल केला, त्यात जमाबंदीच्या आकड्यांबरोबरच या मुलखातील लेणी, देवळे आणि किल्ले यांचीही आस्थेने दखल घेतली. त्या काळच्या दप्तरात हे एक विशेष आढळते, की शेतसारा ठरवायला आलेला अंमलदार कोरलेला दगड पाहून थांबत असे. दरम्यान ह्युएन त्संगाच्या प्रवासाचा फ्रेंच तर्जुमा १८५७-५८ मध्ये प्रसिद्ध झाला होता, आणि अलेक्झांडर कनिंगहॅम याने तो हाती धरून हिंदुस्थानचा प्राचीन भूगोल जुळविण्याचे काम आरंभिले. १८७१ च्या आपल्या ग्रंथात त्याने अंतर आणि दिशा यांचा मेळ घालून कोसलाच्या राजधानीचा मान चांद्याला दिला. सुमारे सहा मैल घेराचा तट असलेले हे शहर चाळीस लींच्या वर्णनाशी जुळते, असे त्याला वाटले. जेम्स फर्ग्युसन याने लीचे माप वेगळे धरून वैरागड किंवा भांदक यांपैकी एक असावे असे सुचविले आणि आपला कल वैरागडाकडे असल्याचे सांगितले. १८८४ साली सॅम्युएल बीलने इंग्रजी भाषांतर केले तेव्हा ही सारी मते त्याच्या तळटिपेत एकत्र नांदू लागली.

कनिंगहॅमचा तटावरचा भरवसा टिकणारा नाही. जटपुरा, पठाणपुरा, बिनबा आणि अंचलेश्वर या चार दरवाजांनी आजही ओळखला जाणारा तो तट गोंड राजांच्या काळचा आहे. ह्युएन त्संग येऊन गेल्यावर कितीतरी शतकांनी त्याचे दगड रचले गेले, तेव्हा त्याच्या घेरावरून सातव्या शतकातली नगरी मोजता येत नाही. वैरागडची बाजू वेगळ्या कारणाने बळकट दिसते: तेथील हिऱ्यांच्या खाणीचा उल्लेख आईन-इ-अकबरीत आहे, म्हणजे हे ठिकाण दूरच्या दरबारांना ठाऊक होते, पण हिऱ्याच्या खाणीने संघाराम सिद्ध होत नाही. या सर्वांवर कडी करणारा प्रतिस्पर्धी पुढे आला तो छत्तीसगडमधून. महानदीकाठच्या सिरपूर येथे मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी १९५३ नंतर जे उत्खनन केले, त्यात सातव्या-आठव्या शतकांतील बौद्ध विहार आणि भूमिस्पर्श मुद्रेतील भव्य बुद्धमूर्ती उजेडात आली, आणि दक्षिण कोसलाची राजधानी तीच, या मताकडे बहुसंख्य अभ्यासक वळले. मलाही हा निवाडा बराचसा मान्य आहे. तथापि राजधानी सिरपूरला गेली म्हणून नागार्जुनाचा सारा मुलूख तिकडे गेला असे होत नाही. सहा हजार ली घेराचा देश म्हणून ज्याची नोंद झाली, त्याची हद्द वैनगंगेपर्यंत पोहोचत असेल तर त्यात नवल नाही. शिवाय नागार्जुनाचा काळ ह्युएन त्संगाच्या आधी चार-पाचशे वर्षांचा. तेव्हा त्याने नोंदविली ती प्रत्यक्ष घटना नव्हे, त्या देशात तोवर जिवंत असलेली आठवण होती. अशा आठवणींना सातबारा नसतो.

भांदकची, म्हणजे आजच्या भद्रावतीची, साक्ष मात्र दगडात कोरलेली आहे. गावाला लागून असलेल्या विजासन टेकडीच्या पोटात एक लेणे आहे. त्याची रचना महाराष्ट्रातल्या नेहमीच्या लेण्यांसारखी नाही. अजिंठ्याला किंवा कार्ल्याला आधी विस्तीर्ण मंडप लागतो आणि डोळे वर जातात. येथे एक अरुंद वाट सरळ टेकडीत शिरते, ७१ फूट आत जाते, आणि तिच्या अंतावर गाभाऱ्यात ओट्यावर बसलेली बुद्धाची प्रचंड मूर्ती समोर येते. या वाटेला काटकोनात दोन बाजूंना आणखी दोन वाटा फुटतात, आणि त्या दोन्हींच्या शेवटी पुन्हा एकेक गाभारा आणि एकेक बसलेला बुद्ध. पाय आत टाकला की प्रकाश पाठीमागून येतो आणि प्रत्येक पावलागणिक मंद होतो. मूर्तीचे आधी गुडघे कळतात, मग मांडीवरचे हात, आणि चेहरा सर्वांत शेवटी. कलाकुसर येथे जवळजवळ नाही. ज्याने ही रचना योजिली त्याला पाहणाऱ्याला रिझवायचे नव्हते, चालत्या माणसाला बसलेल्या माणसासमोर आणून उभे करायचे होते. या लेण्यांचा काळ सातवाहनांपर्यंत मागे नेण्याचा प्रघात आहे. तो वादाचा विषय राहो, परंतु भांदक, देवाळा, घुगूस अशी लेण्यांची जी मालिका या जिल्ह्यात आहे तिच्यावरून येथे बौद्ध वस्ती तुरळक नव्हती एवढे निश्चित होते. नागभीड तालुक्यातल्या देवटेक येथे सापडलेल्या शिलाखंडावर तर मौर्यकालीन ब्राह्मीत प्राण्यांना पकडण्यास आणि मारण्यास मनाई करणारा हुकूम कोरलेला आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी तो अशोकाच्या धर्ममहामात्राचा ठरविला. त्याच दगडावर पुढे वाकाटक राजा पहिला रुद्रसेन याने आपला लेख कोरविला, आणि आता तो शिलाखंड नागपूरच्या संग्रहालयात आहे.

नागार्जुनाच्या चंद्रबिंबाची कथा सांगणाऱ्या चीनमध्ये वर्तुळाचे एक शास्त्रच तयार झाले. इ. स. ७७५ मध्ये निवर्तलेल्या नानयांग हुइचोंग या राजगुरूने ९७ वर्तुळाकृतींची विद्या शिष्याला दिली, आणि ती ज्याच्या हाती आली त्या यांगशान या आचार्याने त्या आकृत्यांची पोथी एकदा वाचून जाळून टाकली, अशी परंपरा सांगते. बाराव्या शतकात कुओआन याने बैल शोधणाऱ्या गुराख्याची दहा चित्रे रचली. त्यांतल्या आठव्या चित्रात ना बैल आहे ना गुराखी, केवळ वर्तुळ आहे. याच्या पुढे दोन चित्रे आहेत आणि दहाव्यात तो मनुष्य बाजारात लोकांमध्ये परत येतो, ही गोष्ट वर्तुळावर लुब्ध होणारे पुष्कळदा विसरतात.

या सर्व इतिहासात माझ्या मते सर्वांत मोलाचा प्रसंग दोगेनचा आहे. जपानात सोतो झेनची परंपरा रुजविणारा हा आचार्य (१२००-१२५३) तरुणपणी चीनमध्ये हिंडत असताना १२२३ साली तेथील अशोकपर्वतावरच्या मठात गेला. मठाच्या पश्चिमेकडच्या सोप्यात तेहतीस आचार्यांची चित्रे रंगविलेली होती, आणि त्यांत एक कोडे होते ज्याचा अर्थ त्याला तेव्हा लागला नाही. १२२५ च्या उन्हाळ्यात तो पुन्हा तेथे आला आणि पाहुण्यांची व्यवस्था पाहणाऱ्या भिक्षूला त्याने विचारले, हे कसले चित्र. नागार्जुनाने चंद्रबिंबाचे रूप दाखविले त्याचे, असे उत्तर आले. भिंतीवर आसन होते आणि आसनावर एक नुसते गोल वर्तुळ होते. दोगेनने १२४१ साली बुद्धस्वभावावर जे प्रवचन लिहिले त्यात या चित्राचा त्याने कठोर समाचार घेतला आहे. चंद्रबिंब दाखवायचे म्हणून वर्तुळ काढणाऱ्यांना नागार्जुन कळलाच नाही; हे चित्रातल्या अन्नासारखे आहे, त्याने भूक भागत नाही; नागार्जुनाचे रूप रेखाटायचे तर आसनावर ताठ बसलेला मनुष्य रेखाटा, कारण ते बसणे हेच चंद्रबिंब होते, असा त्याचा आशय आहे. सभेला वर्तुळ दिसले ते माणूस नाहीसा झाला म्हणून नव्हे. माणूस तेथेच होता, लोकांनी पाहिले नाही. नागार्जुनाच्या शून्यतेचा अर्थही असाच आहे. काहीच नाही असे तो म्हणत नाही. कोणतीही वस्तू दुसऱ्या वस्तूंवाचून, आपल्याआपण, उभी नाही, एवढेच तो म्हणतो, आणि त्यामुळे वर्तुळाची मधली मोकळी जागा हा अभाव ठरत नाही.

जपानी चित्रकारांनी दोगेनचा हा इशारा मानला असे नाही, पण त्यांतले थोर होते ते वर्तुळाच्या पूजेत अडकले नाहीत. हाकुइन (१६८६-१७६९) आणि सेंगाई (१७५०-१८३७) यांनी वर्तुळे काढली ती उतारवयात, अनेक वर्षांच्या साधनेनंतर, आणि शिष्यांना किंवा गावकऱ्यांना भेट देण्यासाठी. शाईची वडी पाण्यात उगाळायची, कुंचला भिजवायचा, आणि मग श्वासाच्या एका लयीत हात फिरवायचा. जेथे आरंभ होतो तेथे शाईचा ठिपका दाट पडतो, पुढे केस विरळ होत जातात, आणि रेषा मिटायला येते तेथे कोरड्या केसांमधून कागदाचा पांढरेपणा दिसू लागतो. हात अडखळला तर दुरुस्ती नाही. वर्तुळ जुळले नाही तरी ते तसेच राहते. सेंगाईने तर आपल्या एका वर्तुळाशेजारी पाहणाऱ्याला ते खाऊन वर चहा पिण्याचे आमंत्रण लिहून ठेवले आहे.

विसाव्या शतकात हा आकार मठाबाहेर पडला. गुताई या चित्रकारमंडळाचा प्रमुख योशिहारा जिरो याने १९६० नंतर मोठमोठ्या कॅनव्हासांवर वर्तुळेच वर्तुळे रंगविली. १९९६ साली लुसेंट टेक्नॉलॉजीज या अमेरिकन कंपनीने कुंचल्याने काढल्यासारखे लाल वर्तुळ आपले बोधचिन्ह केले. पुढे ते पेल्यांवर, आसनांवर आणि मोबाईलच्या ध्यानसाधनांवर आले. आकार सुंदर आहे, डोळ्याला विसावा देतो, तेव्हा तो वापरला जाणार. मात्र ज्या चित्रात माणूस बसलेला दिसत नाही, त्या चित्राविषयी दोगेनचा आक्षेप आजही तेवढाच लागू आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे अवश्य आहे. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत वर्तुळे पुष्कळ आहेत. गोंड आणि माडिया गावांत रेला गात स्त्रीपुरुष हातात हात घालून फेर धरतात. विदर्भात लोहयुगातल्या माणसांनी मृतांभोवती दगडांची वर्तुळे मांडली. त्यांची नाती झेनशी जोडण्याचा मोह टाळला पाहिजे. रेल्याचा फेर हा त्या समाजाचा स्वतःचा आहे, त्याला जपानी कुळाचा आधार नको. आणि शिलावर्तुळे बुद्धाच्याही आधीपासूनची आहेत.

खरे नाते जोडले ते माणसांनी. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाल्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर १६ ऑक्टोबरला चांद्याला आले आणि येथील विशाल जनसमुदायाला त्यांनी दीक्षा दिली. विजासनच्या बुद्धाला त्या दिवसापासून पुन्हा हक्काचे उपासक मिळाले. पुढच्या दशकात सुरई ससाई हे जपानी भिक्षू नागार्जुनाच्या प्रेरणेने नागपुरात आले आणि तेथलेच झाले. आर्य नागार्जुन हे नाव त्यांनी धारण केले, आणि रामटेकजवळच्या मनसरच्या टेकडीवर नागार्जुनाच्या खुणा शोधण्यासाठी उत्खनन व्हावे म्हणून त्यांनी खटपट केली. ते झेन पंथाचे नव्हेत. पण जपानातल्या एका साधकाला नागार्जुनाचा शोध विदर्भात घ्यावासा वाटला, ही घटना ह्युएन त्संगाच्या नोंदीची आठवण करून देते.

बसणे हेच चंद्रबिंब, या दोगेनच्या बोधाचा विचार करताना आणखी एका माणसाचे स्मरण होते. चिमूरच्या परिसराशी ज्यांचे निकटचे नाते होते त्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी गावोगावी पहाटेच्या सामुदायिक ध्यानाचा आणि संध्याकाळच्या सामुदायिक प्रार्थनेचा शिरस्ता पाडला. १९५५ साली ते धर्मपरिषदेसाठी जपानलाही जाऊन आले. त्यांच्या ध्यानाचा उगम झेनमध्ये शोधू नये, तो वारकरी भजनात आणि त्यांच्या स्वतःच्या अरण्यवासात आहे. पण दिवस उजाडण्यापूर्वी गावकऱ्यांनी सतरंजीवर ओळीने ताठ बसावे, काही वेळ कोणी बोलू नये, आणि मग उठून गाव झाडावयास लागावे, हे दृश्य दोगेनला दाखविले असते तर त्याने चंद्रबिंब कोठे आहे असे विचारले नसते.

भद्रावतीच्या भोवताली आज कोळशाच्या खाणी आहेत, आयुधनिर्माणी आहे, आणि नागपूर-बल्लारशाह लोहमार्गावर भांदक नावाचे स्थानक अजून त्याच नावाने उभे आहे. वाचकांना माझी विनंती एवढीच, की वर्तुळाचे चित्र भिंतीवर लावण्यापूर्वी एकदा तेथे उतरावे, विजासनच्या त्या ७१ फूट लांब वाटेने आत जावे, आणि छायाचित्र घेण्याची घाई न करता थोडा वेळ मूर्तीसमोर बसावे; आणि जे शिक्षक तेथे विद्यार्थ्यांची सहल नेतात त्यांनी पाण्याच्या पात्राची आणि सुईची गोष्ट त्यांना जरूर सांगावी, ती याच देशाची असल्याचे मत पंडितांत होते आणि त्यावर वाद आहे, हेही न लपवता सांगावे.